फुटला की फोडलास?

गेल्या रविवारची गोष्ट. मावशी चार दिवस राहायला आली होती. मी बाल्कनीत उभा राहून ऑफिसच्या मित्राशी फोनवर बोलत होतो आणि बोलता बोलता म्हणालो, "अरे, ती पॉलिसी डिलीट करून टाकू का?" आत भाजी निवडत बसलेली मावशी तशीच उठून बाहेर आली. हातात मेथीची जुडी. फोन संपेपर्यंत कशीबशी थांबली आणि मग म्हणाली, "अरे, इतकी वर्षं हप्ते भरलेस ना? आता मोडतोयस कशाला? एजंटाला विचारलंस का?"

मावशीच्या डोक्यात पॉलिसी म्हणजे एलआयसी. तिचं काही चुकलं नाही, आपल्या घरांमध्ये पॉलिसी म्हणजे एलआयसीच :) मी तिला सांगितलं की ही वेगळी पॉलिसी, कॉम्प्युटरची. हप्ते नसतात. "मग मोडल्यावर नुकसान नाही ना?" असं तिने विचारलं, आणि मला पटकन "नाही" म्हणता येईना. काहीतरी गुळमुळीत बोलून मी विषय बदलला. पण ते डोक्यात राहिलं. म्हणून आज लिहायला बसलोय. ही गोष्ट घरच्यांपैकी कुणालाच मी धड सांगितलेली नाही.

आधी थोडं पॉलिसीबद्दल. जे याच क्षेत्रात आहेत त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. आमच्या कामाची यंत्रं गूगल क्लाउडवर चालतात. म्हणजे यंत्र आमच्या खोलीत नाही, गूगलच्या मुंबईच्या डेटासेंटरमध्ये कुठेतरी आहे, आणि आम्ही त्याचं भाडं भरतो. अशा प्रत्येक यंत्राला डिस्क असते. त्या डिस्कची रोज रात्री एक प्रत काढून ठेवावी, चौदा दिवसांपेक्षा जुन्या प्रती पुसाव्यात, असा नियम एकदा लिहून ठेवता येतो. त्या प्रतीला स्नॅपशॉट म्हणतात आणि नियमाला रिसोर्स पॉलिसी. (रिसोर्स पॉलिसीचे अजूनही प्रकार आहेत, यंत्र ठरलेल्या वेळी चालू-बंद करणारी वगैरे, पण आपल्याला इथे हीच हवी.) नियम एकदा लिहायचा, डिस्कला जोडायचा आणि विसरून जायचं. विसरून जाता यावं म्हणूनच तर तो असतो.

२०२३ च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे खर्च कमी करण्याची टूम निघाली. दर महिन्याचं क्लाउडचं बिल बघून वरच्यांचे डोळे फिरले होते. कुणी काय काय करून ठेवलंय त्याची यादी काढली, तर नुसत्या पॉलिसीच एकशेचाळीसच्या वर निघाल्या. त्यातल्या निम्म्या ज्यांनी केल्या ते लोक नोकरी सोडून गेलेले. नावं तर विचारूच नका. टेस्ट-१, टेस्ट-नवीन, टेस्ट-नवीन-२, टेम्प-सगळं. साफसफाईचं काम माझ्याकडे आलं आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. मला आवरायला आवडतं. आमच्या घरी दिवाळीआधी माळ्यावर मीच चढतो.

आता एकशेचाळीस गोष्टी हाताने कोण पुसत बसणार? म्हणून मी वर्कफ्लो लिहिला. वर्कफ्लो म्हणजे पायऱ्यांची यादी. पॉलिसींची यादी आण. एकेक घे. पुसायला सांग. खरंच पुसली गेली का ते बघ. मग पुढची. यातली चांगली गोष्ट अशी की एक काम पुरतं संपेपर्यंत तो स्वतःच थांबतो. पॉलिसी पुसायला तीनच गोष्टी सांगाव्या लागतात. प्रोजेक्ट कोणता, रीजन कोणता आणि पॉलिसीचं नाव काय. संपलं. 'का' असा रकाना त्यात नाही.

पहिल्यांदा चालवला तेव्हा निम्म्या पॉलिसी पुसल्या गेल्या आणि उरलेल्यांना नकार आला. कारण जी पॉलिसी एखाद्या डिस्कला जोडलेली आहे ती पुसता येत नाही. आधी डिस्कपासून सोडवावी लागते. आज विचार करतो तेव्हा वाटतं, तो नकार म्हणजे कुणीतरी मनगट धरल्यासारखा होता. बाबा रे, ही वापरात आहे, एकदा बघ तरी. पण मला तेव्हा तो अडथळा वाटला. अडथळा आला की इंजिनिअर काय करतो? वळसा घालतो. मी वर्कफ्लोत एक पायरी वाढवली. नावाची सुरुवात टेस्ट किंवा टेम्प अशी असेल तर आधी डिस्कपासून सोडव, मग पुस.

अगदीच बेजबाबदारपणे केलं असंही नाही. यादी सगळ्यांना मेलने पाठवली होती. 'कुणाची हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे.' शुक्रवारपर्यंत एकही उत्तर आलं नाही. आता कळतं की कुणी ती यादी उघडलीच नव्हती. मीही दुसऱ्यांच्या अशा याद्या उघडत नाही. गप्प बसणं म्हणजे होकार, हे मी माझ्या सोयीने ठरवलं.

३ मे च्या रात्री दोन वाजून गेल्यावर वर्कफ्लो चालला. सकाळी पाहिलं तर सगळ्या पायऱ्यांपुढे हिरव्या खुणा. एक्केचाळीस पॉलिसी गेल्या. मी चहा घेतला आणि साहेबांना मेल टाकला.

त्या एक्केचाळिसात 'टेम्प' ने सुरू होणारी एक पॉलिसी होती. २०२० साली आमच्या एका सहकाऱ्याने घाईत केलेली. तात्पुरती. पण आपल्याकडे तात्पुरतं म्हटलेलं किती टिकतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तात्पुरता टाकलेला लोखंडी पत्रा आहे, त्याच्यावरून मी शाळेत सायकल चालवत गेलोय. ही पॉलिसी तशीच तीन वर्षं दर रात्री मुकाट्याने एका डिस्कची प्रत काढत होती. ती डिस्क सोलापूर जिल्ह्यातल्या एका दूध संकलनवाल्यांच्या यंत्राची होती. आमचं सॉफ्टवेअर वापरणारी नऊ केंद्रं. सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध घालतात. किती लिटर, फॅट किती, एसएनएफ किती, त्यावरून दर किती, हे सगळं तिथे नोंदलं जातं आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं.

प्रत काढणं थांबलं. आणि काहीही झालं नाही. हेच सगळ्यात वाईट. दिवा गेला तर अंधार होतो, नळ गेला तर बादली वाजते. बॅकअप थांबला तर कसलाही आवाज होत नाही. उलट बिल थोडं कमी येतं.

२२ मे ला दुपारी टीममधला एक मुलगा ते यंत्र नव्याने उभारत होता. हुशार मुलगा, नुकताच आलेला. त्याने मला विचारलं, "सर, काल रात्रीचा स्नॅपशॉट असेल ना? मग जुनं यंत्र काढतो आणि त्याच्यावरून नवीन करतो." मी दुसऱ्या कशात तरी होतो. मान वर न करता म्हणालो, "असणारच." यंत्र काढलं की त्याची बूट डिस्कही त्याच्याबरोबर जाते, तसं सांगून ठेवलं नसेल तर. आम्ही सांगून ठेवलं नव्हतं. आणि सगळा डेटा त्याच डिस्कवर होता. डेटाबेसची रोज एक वेगळी प्रत निघायची, ती पण तिथेच, त्याच डिस्कवर पडायची. स्नॅपशॉट आहेतच की, मग वेगळी जागा कशाला!

दहा मिनिटांनी तो मुलगा माझ्या टेबलाशी येऊन नुसता उभा राहिला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. शेवटचा स्नॅपशॉट ३ मे चा होता.

इथे एक विचित्र गोष्ट सांगायला हवी. पॉलिसी जिवंत असती तर चौदा दिवसांच्या वरच्या प्रती तिनेच पुसल्या असत्या. पण पॉलिसी पुसली की तिने आधी काढलेल्या प्रती कायमच्या राहतात, कारण त्यांना पुसणारा नियमच उरत नाही. म्हणून तर त्या जुन्या चौदा प्रती आम्हाला सापडल्या. नाहीतर तीन वर्षांचं सगळंच गेलं असतं. आणि याचाच दुसरा अर्थ असा, की ज्या खर्चासाठी मी हा उद्योग केला तो खर्च मुळात कमी होणारच नव्हता. पॉलिसी म्हणजे नुसता नियम, पैसे लागतात ते साठवलेल्या प्रतींचे. नियम पुसून मी प्रतींना अमर करून ठेवलं होतं. हे सगळं कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ते नंतर वाचलं.

एकोणीस दिवस गेले. पहिल्या दहा दिवसांचं बिल निघून छापलेलं होतं, त्याची बेरीज तरी हाताशी होती. ११ ते २० चं बिल निघायचंच होतं. दोन-तीन दिवसांत शेतकऱ्यांना पैसे मिळायचे होते.

संध्याकाळी मीटिंग झाली. मी पहिलं वाक्य काय बोललो असेन? "ऑटोमेशनमध्ये ती पॉलिसी डिलीट झाली." झाली. साहेबांनी गिऱ्हाइकाला जो मेल पाठवला त्यातही तसंच. 'स्वयंचलित प्रक्रियेमुळे काही नोंदी उपलब्ध नाहीत.' खोटं एकही अक्षर नाही त्यात. क्लाउडची ऑडिटची नोंद चारशे दिवस राहते, ती काढून पाहिली. तिच्यातही माझं नाव नाहीच. वर्कफ्लो ज्या सर्व्हिस अकाउंटने चालतो त्याचं नाव आणि वेळ, रात्री २ वाजून १४ मिनिटं. मी त्या वेळी झोपलो होतो. म्हटलं तर त्या पॉलिसीला माझा हात लागलेलाच नाही.

लहानपणी घरात कप फुटला की मी धावत जाऊन आईला सांगायचो, "आई, कप फुटला!" आई तवा खाली ठेवून शांतपणे विचारायची, "फुटला की फोडलास?" बस्स. रागावणं वगैरे काही नाही, पण ते क्रियापद बदलून दिल्याशिवाय सुटका नसायची. एकदा "फोडला" म्हटलं की ती केरसुणी हातात द्यायची आणि विषय संपायचा. काचा मात्र मीच गोळा करायच्या.

दुसऱ्या दिवशी त्या दूधवाल्यांच्या ऑफिसातून फोन आला. तिथे नोंदी बघणाऱ्या ताई होत्या. आवाजावरून पन्नाशीच्या असाव्यात. भांडायला फोन केला नव्हता त्यांनी. त्यांना कामाचं कळून घ्यायचं होतं. कोणत्या तारखेपासूनचं गेलं, सकाळपासून की संध्याकाळपासून, काय काय परत घालावं लागेल. मी सगळं सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "सर, एक विचारू? ते कुणी पुसलं?"

तोंडावर आलं होतं, "सिस्टिममध्ये पुसलं गेलं". पण का कोण जाणे, आईचा तवा आठवला. म्हणालो, "मी पुसलं. न बघता पुसलं." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "बरं. मग तुम्हीच सांगा आता कसं करायचं ते."

कसं केलं ते थोडक्यात सांगतो. तीन केंद्रांवर जुन्या सवयीने वही ठेवत होते. ज्यांना आम्ही डेमोच्या वेळी "आता वही बंद करा" म्हणून सांगितलं होतं त्यांनीच आमचं ऐकलं नव्हतं, म्हणून वाचलो. बाकी सहा केंद्रांवर शेतकऱ्यांकडच्या पावत्या गोळा कराव्या लागल्या. त्या छोट्या मशीनमधून निघणाऱ्या पावत्या, थर्मल कागदाच्या. उन्हाने आणि घामाने अक्षरं उडतात त्यांची. आणि महिना मे. कुणाच्या खिशात, कुणाच्या देवघरात, कुणी टाकूनही दिलेल्या. मी आणि तो मुलगा दोन दिवस तिथे जाऊन बसलो. ताई आकडे वाचायच्या आणि आम्ही घालायचो. चाळीसेक वेळचं संकलन, नऊ केंद्रं. जिथे पावतीच नव्हती तिथे आधीच्या दहा दिवसांची सरासरी धरली. त्यावरून दोन ठिकाणी वाद झाले, आणि वाद करणाऱ्यांचं चुकत होतं असं मला म्हणवत नाही. एक आजोबा उडालेल्या अक्षरांची पावती उजेडात धरून म्हणाले, "साहेब, फॅट चार पॉइंट दोन होती. मला म्हशीगणिक माहीत असतंय." त्यांचं तोंडी सांगणं आम्ही लिहून घेतलं.

बिल पाच दिवस उशिरा निघालं. पाच दिवस म्हणजे आपल्याला काही नाही. तिथे पाच दिवस म्हणजे पेंडवाल्याकडे उधारी. कुणीतरी तसं बोलूनही दाखवलं, चहा देता देता.

पुढच्या वर्षी, मे २०२४ मध्येच, ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची बातमी आली. सहा लाखांहून जास्त सभासद, आणि आठवडाभर लोकांना आपलं खातंच बघता येईना. गूगलने नंतर खुलासा केला त्यात कारण असं होतं की वर्षभरापूर्वी त्यांचा क्लाउड उभारताना आतल्या एका साधनात एक रकाना रिकामा राहिला होता. रिकाम्याचा अर्थ त्या साधनाने एक वर्षाची मुदत असा घेतला आणि वर्ष भरल्यावर सगळं आपोआप पुसून टाकलं. गिऱ्हाइकाने पुसायला सांगितलं नव्हतं, म्हणून गिऱ्हाइकाला आधी सूचनाही गेली नाही. त्यांनी दुसरीकडेही प्रती ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. लोक त्या बातमीवर हसत होते. मला काही हसू आलं नाही. रिकामा रकाना, गप्प बसलेला मेल. दोन्हीला आपण आपल्या सोयीचा अर्थ लावतो.

त्याच्याही आधी, ३१ जानेवारी २०१७ ला, गिटलॅबच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला होता. पाच प्रकारचे बॅकअप होते म्हणे, ऐन वेळी त्यातला एकही धड उपयोगी पडला नाही, आणि साधारण सहा तासांचा डेटा गेला. पण त्या कंपनीने काय झालं आणि कसं झालं ते सगळ्या जगासमोर लिहून ठेवलं. तेव्हा वाचलं होतं आणि 'कसली माणसं आहेत' म्हणून कौतुक वाटलं होतं. स्वतःवर आल्यावर मात्र मला 'डिलीट झाली' हेच सुचलं.

नंतर वर्कफ्लो बदलला. आधी वाटलं, डिस्कपासून सोडवून महिनाभर थांबू, कुणी ओरडलं नाही तर पुसू. मग लक्षात आलं की हा शहाणपणा उपयोगाचा नाही. पॉलिसी सोडवली त्याच क्षणी प्रती थांबतात, पुसणं ही नंतरची औपचारिकता. तेव्हा आता सोडवण्याआधीच बघतो, त्या डिस्कला दुसरी कुठली सोय आहे का. नसेल तर वर्कफ्लो तिथेच थांबतो आणि माणसाचा होकार मागतो. दिवस जाऊ देत, आठवडे जाऊ देत, तो थांबून राहतो. उत्तर नाही म्हणजे नकार. आणि होकार देणाऱ्याला आपलं नाव आणि 'का' ते एका ओळीत लिहावं लागतं. शिवाय रोज सकाळी एक वेगळा तपास चालतो. तो पॉलिसी आहे का असं विचारतच नाही, कालचा स्नॅपशॉट आहे का तेवढंच बघतो. नसेल तर सगळ्यांच्या फोनवर बोंब मारतो.

हे सगळं केलं म्हणजे मी फार शहाणा झालो असं नाही. आवरायलाच नको, सगळं राहू दे, असंही मला वाटत नाही. आमच्या आजीने आयुष्यात काही टाकलं नाही. ती गेल्यावर माळ्यावरून दोन टेम्पो सामान निघालं, आणि कशाला काय जपलं होतं ते सांगणारी तीच उरली नव्हती. आम्ही न बघताच सगळं दिलं. कधीकधी वाटतं, त्यातही एखादी 'टेम्प' गेली असेल.

असो. परवाचा फोन होता तो याच कामाचा. वर्कफ्लो तीन पॉलिसींसाठी होकार मागत अडून बसला होता. दोन बघितल्या, खरंच मेलेल्या होत्या, नाव लिहिलं, कारण लिहिलं, सोडून दिलं. तिसरी २०२२ ची आहे. एका डिस्कला जोडलेली. वर्णनाचा रकाना रिकामा. आणि करणाऱ्याचं नाव म्हणाल तर माझंच!

कशासाठी केली होती ते काही केल्या आठवत नाही. तो मुलगा (आता तो मुलगा राहिलेला नाही, दोन जणांचा सर म्हणून मिरवतो) फोनवर हसत होता, म्हणाला, "सर, तुमचीच आहे, मग टाका की पुसून." मी तेव्हाच ते वाक्य म्हणालो जे मावशीने ऐकलं.

नाही पुसली. सोमवारी त्या डिस्कवर काय आहे ते उघडून बघायचं ठरवलं होतं, ते अजून झालेलं नाही. मावशी काल परत गेली. जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "त्या पॉलिसीचं बघ हं, घाई करू नकोस."